पिनिन १:२४, अपडेट ९ : सातव्या शीटला काच निघाली!

मंडळी, निघाली एकदाची. नव्यांसाठी: फेरारी पिनिन या १९८० च्या गाडीचं १:२४ मापाचं मॉडेल मी घरी बनवतोय, आणि ही काच म्हणजे तिच्या खिडक्यांची, पारदर्शक प्लास्टिक शीटची. काल रात्री पावणेबाराला सातवी शीट साच्यावरून सोडवली, ट्यूबलाइटखाली धरली आणि ट्यूबलाइट सरळच्या सरळ दिसली. लाट नाही, धुकं नाही, रेघ नाही. बायकोला झोपेतून उठवून दाखवली, तिने डोळे चोळत आरपार बघितलं आणि म्हणाली "अरे, खरंच काच वाटतेय", मग मला रात्रभर झोप लागली नाही.

अपडेट ६ मध्ये मी लिहिलं होतं की ग्रीनहाउस (गाडीचा खिडक्या आणि छपराचा वरचा भाग) म्हणजे दोन शनिवार-रविवारचं काम. त्याला अकरा आठवडे झाले. मधल्या दोन अपडेटमध्ये मी पुढची जाळी आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) यांबद्दलच लिहिलं कारण काचेबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसत्या वाया गेलेल्या शीट होत्या. आता सगळं सविस्तर लिहितो, कुणाचे तरी अकरा आठवडे वाचतील.

आधी हे की मी काचेसाठी एवढा का अडून बसलोय. दोघातिघांनी विचारलं होतं की सरळ काळा रंग मारून, वर ग्लॉस मारून का मोकळा होत नाहीस. दुसरी कुठली गाडी असती तर केलंही असतं. पण पिनिनमधून काच काढली तर उरतं काय? १९८० च्या तोरिनो शोमध्ये पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने ही गाडी स्वतःच्या पन्नाशीसाठी उभी केली होती. बत्तिस्ता फारिना यांनी १९३० मध्ये कंपनी काढली, त्यांना घरात पिनिन म्हणायचे, पिएमाँतेच्या बोलीत पिनिन म्हणजे छोटा, आपल्याकडे छोटू म्हणतात तसं. चार दारांची फेरारी, तेव्हा कुणी कल्पनाही केली नव्हती. डिझाइनचे प्रमुख फिओरावांती आणि रेषा दिएगो ओत्तिनाच्या. आणि त्या लोकांनी काय केलं तर खिडक्यांमधले खांब काचेच्या मागे लपवले, काच बॉडीच्या पातळीत आणली, त्यामुळे लांबून बघितलं की खाली एक धातूचा थर, मध्ये काचेचा अखंड पट्टा आणि वर तरंगणारं छप्पर. ऑडी १०० ची सपाट बसवलेली काच आली १९८२ ला आणि तिचं अजून कौतुक होतं, ही दोन वर्षं आधीची. पिनिनफारिनाकडे ग्रुलियास्कोला १९७२ पासून स्वतःचा विंड टनेल होता, तेव्हा हवा कुठे अडते हे त्यांना आपल्या डोळ्यांनी दिसत होतं.

त्याच काळातली मासेरातीची तिसरी क्वात्रोपोर्ते आठवा, डिझायनर जुजारोची, १९७९ ची. तीही इटालियन, तीही चार दारांची, इटलीचे राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी तिच्यात बसून फिरायचे. मला ती आवडते, पण ती उभी, भारदस्त, चौकोनी आहे, दिवाणखान्यातल्या शिसवी कपाटासारखी. पिनिन तिच्या शेजारी ठेवली तर वजनच नसल्यासारखी वाटते, आणि ते सगळं त्या काचेमुळे आणि बोनेट खाली असल्यामुळे. बोनेट खाली का, तर आत फेरारीच्याच बीबी गाडीचं आडवं १२ सिलिंडरचं इंजिन, ४९४२ सीसी, ते पुढे बसवायचं ठरलं म्हणून नाक एवढं खाली आणता आलं. १९८० च्या गाडीत ते चालू नव्हतंच. गाडी खरी चालती झाली ती २००८ च्या लिलावानंतर, फेरारीचे जुने इंजिनिअर फोर्गिएरी यांच्या ओरल इंजिनिअरिंगने ती चालवण्याजोगी केली. म्हणून माझं बोनेट बंदच राहणार आहे, मला १९८० ची, शोमधली गाडी करायचीय.

तर काच.

पद्धत अशी की प्लास्टिक शीट तापवून मऊ करायची आणि खालून हवा खेचून साच्यावर ओढून बसवायची. पहिल्या तीन शीट मी थेट रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर ओढल्या. सगळ्यांनी सांगितलं होतं प्रिंट मऊ पडेल, मी म्हटलं आत भरीव आहे, काय होतंय. पडली. आपलं साधं रेझिन साठ-सत्तर डिग्रीलाच ढिलं होतं आणि पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिक) शीट त्याच्या दुप्पट तापलेली असते. छप्पर मधोमध ०.४ मिमी बसलं. ०.४ मिमी ऐकायला काही नाही, पण १:२४ ला म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ एक सेंटिमीटर, आणि या छपराला इतका हलका बाक आहे की तो गेला की गाडी लगेच ठोकलेल्या डब्यासारखी दिसते. शिवाय कितीही घासलं तरी प्रिंटच्या लेयरच्या रेषा काचेत उतरतात, रंगात कधीच दिसत नाहीत पण पारदर्शक शीटवर तिरक्या उजेडात प्रत्येक रेष दिसते.

चौथी सागवानी साच्यावर. शेजारच्या सुतारकाकांनी सुंदर तुकडा दिला होता, दोन रात्री कोरला, आकार तर प्रिंटपेक्षा चांगला आला, पण लाकडाची शीर काचेत उमटली. पाचवीला तोच साचा एम-सीलने भरून वर टू-के लॅकर (हार्डनर मिसळायचं कडक वार्निश) मारून आरशासारखा केला, आणि इथे मला नवीन गोष्ट कळली की साचा जास्त गुळगुळीत असणंही वाईट. चकचकीत पृष्ठभागाला गरम शीट जागच्या जागी चिकटते, खाली हवा अडकते, तिला जायला वाट नाही आणि मग विंडस्क्रीनच्या बरोब्बर मध्यावर फोडासारखा डाग. साच्याला भोकं पाडली असती तर भोकांचे ठसे आले असते.

म्हणजे साचा असा पाहिजे की जो तापल्यावर हलणार नाही, ज्याला दाणा नाही, शीर नाही, आणि जो हवा स्वतःच्या अंगातून जाऊ देईल. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं आणि चार दिवस नुसता बघत होतो.

उत्तर दातांच्या दवाखान्यात मिळालं! अक्कलदाढेसाठी गेलो होतो, समोर टेबलावर कुणाच्या तरी दातांचा पिवळसर साचा ठेवलेला, नखाने खरवडून बघितला तर ओरखडा उठेना. डाय स्टोन. दातांवर कॅप बनवायला लागतो त्यामुळे आकारात फरक पडणं त्यांना चालतच नाही, घट्ट होताना जेमतेम ०.१ टक्का फुगतो. आणि शेवटी आहे प्लास्टरच, म्हणजे सच्छिद्र. तिथल्या लॅबमधल्या टेक्निशियनला विचारलं तर तो इतका खूश झाला की स्वतः ढवळून दाखवलं. "दादा, पाणी अंदाजाने घालायचं नाही, मोजायचं, आणि पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही." १०० ग्रॅमला २२ मिली, हे मी आता झोपेतही सांगेन. डेंटल मटेरियलच्या दुकानात एक किलोची पिशवी मिळाली, मॉडेलिंगच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कास्टिंग प्लास्टरपेक्षा स्वस्त आणि दहापट चांगली. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे हॉबीची दुकानं शोधण्यापेक्षा दातवाले, सोनार आणि मोबाइल रिपेअरवाले यांच्या सामानाच्या गल्ल्या फिराव्यात. बारीक कामाची खरी हत्यारं तिथे आहेत.

मूळ प्रिंट नीट घासून, प्रायमर मारून, पुन्हा घासून तिच्यावरून सिलिकॉनचा मोल्ड घेतला आणि त्यात डाय स्टोन ओतला. एक दिवसाने काढला, ८०० पासून २००० पर्यंत ओला घासला. हातात घेतल्यावर नदीतल्या गोट्यासारखा गार आणि जड.

तरीही सहावी शीट फसली. आकार शंभर टक्के बरोबर, पण आतून पांढुरकं धुकं. आधी शीटवर संशय घेतला, कारण शीटचाही एक किस्सा झाला होता, एका ऑनलाइन विक्रेत्याने पीईटीजी म्हणून जे पाठवलं ते पीईटीजी नव्हतंच, तापवल्यावर पिवळं पडून आक्रसलं, आणि परत घ्यायला तयार नाही. पण ही शीट चांगल्या गठ्ठ्यातली होती. मग लक्षात आलं की साचा मी ओला घासला आणि दोनच दिवसांनी वापरला, बाहेर पाऊस, हवेत पाणी, साच्याच्या पोटातलं पाणी गरम शीट लागताच वाफ होऊन बाहेर आलं. सच्छिद्र आहे म्हणून हवा जाते आणि सच्छिद्र आहे म्हणूनच पाणीही धरतो.

सातवीला साचा ओटीजीमध्ये सगळ्यात कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून, रात्रभर. वजनकाट्यावर दर दोन तासांनी ठेवला, वजन उतरायचं थांबलं तेव्हा सुकला असं धरलं. शीटही सोबत वाळवून घेतली. साच्याखाली १५ मिमीचा ठोकळा दिला, म्हणजे शीटच्या घड्या पडतात त्या खाली ठोकळ्यावर पडतात, काचेवर येत नाहीत. आणि व्हॅक्यूम क्लीनर सोडून एसीवाल्या मित्राचा पंप आणला, मध्ये जुना गॅसचा रिकामा सिलिंडर टाकी म्हणून, व्हॉल्व्ह उघडला की फाट्‌कन एका झटक्यात ओढ. क्लीनर हवा भरपूर खेचतो पण त्याच्यात दम नाही, ए-पिलरच्या (विंडस्क्रीनच्या बाजूचा खांब) बुडाशी कोपरा कधीच पूर्ण बसत नव्हता, आता बसला. जाडी मोजली, ०.७५ ची शीट छपरावर ०.६ आणि त्या कोपऱ्यात ०.४. चालतंय.

प्लॅन असा होता की छप्पर आणि खिडक्या मिळून हे पूर्ण छत्र एकच पारदर्शक तुकडा ठेवायचं. छपराला बाहेरून बॉडीचा मेटॅलिक करडा, खिडक्या मास्क करून कोऱ्या, म्हणजे छप्पर आणि काच आपोआप एका पातळीत, मध्ये फक्त रंगाची जाडी. आणि खांबांच्या जागी आतून काळा. दोन काचांमधली फट बाहेरून हलकी कोरून (स्क्राइब) त्यात पातळ काळा रंग (वॉश).

आज सकाळी सहाव्या, फसलेल्या छत्रावर आतून काळ्या पट्ट्या मारून बघितल्या. आणि नाही, हे बरोबर नाही. सुबक आलंय, कड धारदार आहे, पण मेलेलं दिसतं. बराच वेळ फोटो शेजारी ठेवून बघत बसलो. खऱ्या गाडीत खांब काचेवर रंगवलेला नाही, तो काचेच्या मागे आहे! मध्ये अंतर आहे, तिरकं बघितलं की काचेच्या आतल्या कडेवर उजेड सरकतो आणि खांब त्याच्या मागे सावलीसारखा राहतो. रंगवलेली पट्टी कुठूनही बघा, तिथल्या तिथेच. त्या लोकांनी जे केलं तेच करायला पाहिजे, म्हणजे आत खरा सांगाडा. छपराच्या आतून चार-पाच काळे खांब, काचेपासून अर्धा मिलीमीटर आत.

हे लिहिता लिहिताच ठरतंय, पण म्हणजे अपडेट ६ मधली आतली छपराची पट्टी रद्द, आणि टॅन रंगाच्या सीट ज्या टबमध्ये (आतल्या भागाच्या तबकात) चिकटवल्यात त्याची वरची कड सांगाड्यासाठी ०.८ मिमी कापावी लागणार. सीट काढायला लागू नयेत एवढीच इच्छा आहे, त्या शिलाईच्या रेषांवर माझा पूर्ण जून गेलाय. सांगाडा प्रिंट करायचा तर ०.५ जाडीचे खांब वाकतील, त्यापेक्षा पितळेची ०.५ ची तार चपटी ठोकून सोल्डर केली तर? सोनाराकडे तार ओढायची पट्टी असते. हे लिहिताना सुचलं, उद्या विचारून येतो. पितळ असेल तर छत्र बॉडीवर बसवताना सांगाडाच पकड देईल आणि काचेच्या कडेला गोंद लावावाच लागणार नाही, म्हणजे गोंदाने काचेवर धुकं यायची भीतीच संपली.

बाकीचं थोडक्यात. व्हीलबेस आता बरोबर. मागे ज्यांनी चूक दाखवली त्यांचे आभार, मी फेरारी ४०० च्या चॅसिसचे २७०० मिमी धरले होते, पिनिनला ते वाढवून २७५० केलेत, १:२४ ला ११२.५ च्या जागी ११४.६. दोन मिलीमीटर मागच्या दारात घातल्यावर गाडीचा तोल एकदम जागेवर आला. जाळी तिसऱ्या प्रिंटला चौकटी न मोडता निघाली, तिच्यावर मी फार खूश आहे, रोज ऑफिसला जाताना एकदा बघून जातो.

मागचे दिवे मजेशीर प्रकरण आहे, बंद असताना ते बॉडीच्याच रंगाचे दिसतात. पारदर्शक पट्टीला मागून तामियाचा एक्स-२७ पारदर्शक लाल रंग आणि पुढून बॉडीच्या मेटॅलिकचा अगदी विरळ, दुरून मारलेला फवारा, एवढं करून बघितलं. समोरून करडा, मागे एलईडी धरली की लाल. पाच तुकड्यांपैकी दोन जमलेत आणि गाडीला दोनच लागतात, पण मेटॅलिकचा दाणा अजून जाड वाटतोय. कुणी एअरब्रशच्या ०.२ नोझलमधून मेटॅलिक न तुंबता मारत असेल तर थिनर किती घालता ते सांगा, मी दोनास एक धरतोय आणि दर चौथ्या फवाऱ्याला सुई साफ करतोय.

सातवं छत्र सध्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात, चष्म्याच्या कापडात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या खणात आहे. त्याला हात लावायच्या आधी त्याच साच्यावर आठवी आणि नववी शीट ओढून ठेवणार, साचा सुकलेला आहे तोवर. शनिवारी पंप परत द्यायचाय.