दाभोळच्या खाडीत आठवलेला गोमुखाचा बर्फ

जानेवारीतल्या एका सकाळी दाभोळच्या धक्क्यावरून गाडीसह फेरीबोटीत चढलो, तेव्हा भरतीचे पाणी वाशिष्ठीत शिरत होते. हेच पाणी पुढे चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढत जाते. धोपाव्याचा धक्का येईपर्यंत मी कठड्याला टेकून पूर्वेकडे पाहत राहिलो, कारण दोन वर्षांपूर्वी गोमुखाला जाऊन आल्यापासून कुठलीही दरी दिसली की आधी तिचा आकार पाहण्याची खोड लागली आहे.

गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचे मुख. उंची सुमारे ४,००० मीटर. तिथला बर्फ आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमासारखा नसतो. उन्हाळ्यात न वितळता उरलेले हिम वर्षानुवर्षे थरांवर थर साचत जाते, खालच्या थरांतली हवा दाबाने निसटते किंवा बुडबुड्यांत कोंडली जाते, आणि त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा बर्फ साधारण तीस-चाळीस मीटरांहून जाड झाला की स्वतःच्याच भाराने आतून आकार बदलत उताराकडे सरकू लागतो, आणि तळाशी वितळलेल्या पाण्याचा पातळ थर असेल तर खडकावरून घसरतोही. पृष्ठभाग मात्र ठिसूळच राहतो, म्हणून त्याला खोल भेगा पडतात. तळात रुतलेले दगड खडकाला कानशीसारखे घासतात. त्या घासण्यातून निघालेले पीठ वाहून आणणारी भागीरथी तिथे करड्या रंगाची दिसते. अशी झीज हजारो वर्षे चालली की डोंगराच्या आड येणाऱ्या सोंडा कापल्या जातात आणि उभ्या कडांची, रुंद तळाची, 'यू' अक्षरासारखी दरी उरते.

वाशिष्ठीच्या खाडीत यातले काहीच नाही. सोंडा दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या, एकीच्या आड दुसरी, आणि पाणी त्यांना वळसे घालत आत गेलेले. ही दरी पाण्याने कोरली आहे, बर्फाने नव्हे. नॉर्वेतील फ्योर्डही समुद्राने भरलेली दरीच, पण ती हिमनदीने कोरलेली, म्हणून सोग्नेफ्योर्डची खोली १,३०० मीटरपर्यंत जाते. आमच्या खाडीला तेवढी खोली कुठून येणार!

तरीही ही खाडी बर्फामुळेच झाली आहे, आणि मला गंमत वाटते ती याचीच. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपावर बर्फाचे प्रचंड थर पसरले होते. काही ठिकाणी त्यांची जाडी ३ किलोमीटरच्या घरात होती. समुद्रातून वाफ होऊन गेलेले पाणी हिमरूपाने जमिनीवरच अडकले, नद्यांवाटे परतले नाही, आणि जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली. तेव्हाचा कोकणकिनारा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता आणि वाशिष्ठी तेवढी जास्त वाट कापून समुद्राला मिळत होती. पुढे ते थर वितळले, समुद्र चढत आला आणि नदीच्या दरीचा खालचा भाग बुडाला. हे पाणी हिमालयातून आले असे अनेकांना वाटते; पण त्या महाकाय थरांपुढे हिमालयाचा वाटा फार लहान होता. सुमारे ६,००० ते ७,००० वर्षांपूर्वी ही मोठी चढण जवळजवळ थांबली.

शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी "काय एवढं बघताय?" असे विचारले, तेव्हा मी हे सारे थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पाणी चढलं असेल हो, पण गाळ त्याहून जास्त चढलाय. ओहोटीला आमची होडी टेकते."

त्यांचे म्हणणे खरेच होते. समुद्र थांबला तरी नदी थांबलेली नाही. दर पावसाळ्यात सह्याद्रीची माती आणून ती ही बुडालेली दरी भरतेच आहे. एवढ्यात बोटीची फळी धोपाव्याच्या धक्क्यावर आदळली आणि ते गृहस्थ पिशवी उचलून पुढे निघून गेले.