आमची वाटचाल: वहीपासून पडद्यापर्यंत

बेळगावच्या टिळकवाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं औषध दुकानांच्या बिलांचं सॉफ्टवेअर करत होतो. एका डायलिसिस केंद्राने रुग्णांच्या नोंदींसाठी विचारलं आणि आम्ही हौसेने 42 रकान्यांचा फॉर्म बनवला. डेमोला डॉक्टर खूश. महिन्याने गेलो तर संगणकावर टॉवेल टाकलेला, टेक्निशियन ताई वहीतच लिहितायत.

"दादा, हातात ग्लोव्हज असतात. टाइप कशानं करू?"

मग आठ दिवस सकाळच्या शिफ्टला मी स्टुलावर बसून राहिलो. एक डायलिसिस साधारण 4 तासांचं. त्यात रक्तदाब पुन्हा पुन्हा बघायचा, तोही फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) नसलेल्या हातावर. रुग्ण आला की पहिला प्रश्न ठरलेला: वजन किती वाढलं? आजच्या वजनातून ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, वजा केलं की किती पाणी काढायचं ते कळतं. हा आकडा आमच्या तिसऱ्या पानावर होता! आता तो सगळ्यात वर, ठळक. फिस्टुला कुठल्या हाताला, ते शेजारीच. पाणी काढायचा वेग किलोमागे तासाला 13 मिलीच्या वर गेला की चौकट केशरी होते, कारण घाईने पाणी ओढलं तर हृदयावर ताण येतो. 50 किलोच्या माणसाचे 4 तासांत 2.6 लिटर म्हणजे अगदी काठावर. पुढचं डॉक्टर ठरवतात.

खरी डोकेदुखी नावांची. चंदगडहून आलेल्या सविताच्या आधारवर इंग्रजी नावात 'त'साठी नुसता 'टी'. इथे नोंदवणारी मुलगी कन्नड वळणाने 'टी-एच' लिहिते. एका बाईच्या दोन फायली झाल्या, एकीत ड्राय वेट जुनंच. चूक आमची, टेक्निशियन ताईंनी वही बघून पकडली. आता शोधताना तो 'एच' आम्ही धरतच नाही, जन्मवर्ष आणि मोबाइल ताडून बघतो. 14 अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असला तर सोपं, पण तो सगळ्यांकडे नसतो.

घरी न्यायची चिठ्ठी आधी फक्त इंग्रजीत छापायचो. मराठी की कन्नड या वादात कोण पडणार? भित्रेपणाच तो. खानापूरकडच्या एक आजी म्हणाल्या, "नातू शाळेतनं आला की वाचून दाखवतो, तवर पाणी किती प्यायचं कळत नाही." आता मराठी किंवा कन्नड, रुग्ण सांगेल ती.

आज 4 केंद्रांत आमचं काम चालतं. वही मात्र चारही ठिकाणी टेबलावर आहे. लाइट गेली की तीच उघडतात.