वैजनाथाची चढण, वेळागरची वाळू : सहा महिन्यांची नोंद

मिरगाचा पहिला पाऊस झाला त्या आठवड्यात ठरवलं, की यंदा बेळगावच्या कॅम्पातल्या डांबरी रस्त्यांवर आठवड्यातून एकदाच धावायचं. बाकीचे दिवस माती, चढ आणि झाडी. कॅम्प मला आवडतो. मिलिटरी महादेवाच्या देवळाच्या बाजूची मोठी झाडं, सपाट रस्ता, पहाटेची शांतता, सगळंच चांगलं आहे. पण चार वर्षं त्याच रस्त्यांवर धावून माझा वेग जिथल्या तिथे होता आणि डावा गुडघा अधूनमधून बोलायचा. देवरवाडीतून वैजनाथाच्या देवळापर्यंतची चढण एकदाही न थांबता धावत जायची, एवढंच या वर्षीचं ध्येय ठेवलं. सोबतीला जाऊबाई. त्या माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि चढाला माझ्याहून कितीतरी पक्क्या.

सुरुवात व्हॅक्सिन डेपोतून केली. पूर्वी देवीची लस जिथं तयार व्हायची, ते टिळकवाडीतलं हे आवार. आत झाडांखालून मातीच्या वाटा आहेत. नवीन माणसाला मी आधी इथंच यायला सांगेन. माती पायाखाली थोडी दबते, मुळं आणि खड्डे असल्यामुळे पाऊल प्रत्येक वेळी थोडं वेगळं पडतं आणि घोट्याभोवतीचे लहान स्नायू कामाला लागतात. डांबरावर हेच स्नायू झोपलेले असतात. पहिले दहा दिवस पोटऱ्या दुखल्या, मग सवय झाली.

जून संपता संपता येळ्ळूरला गेलो, राजहंसगडावर. इथं एक गोष्ट शिकले. आपल्या बेळगावला दोन माती आहेत आणि पावसाळ्यात दोन्हींची वागणूक वेगळी. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात काळी, बासमती भाताची. ती बुटाला धरते. दोनशे पावलांत प्रत्येक बूट अर्धा किलोनं जड झाल्यासारखा वाटतो आणि तळव्याची पकड पार बुजून जाते. पश्चिमेला गेलात, उचगाव-बेळगुंदीकडे, की तांबडी. ती धरत नाही, पण तिच्यात जांभा दगड आहे आणि भिजलेल्या जांभ्यावर शेवाळ चढलं, की साबण बरा. म्हणून जुलै ते सप्टेंबर येळ्ळूरकडे जायचं तर डांबर सोडायचं नाही. पश्चिमेला जायचं तर उतारावर घाई करायची नाही.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आषाढातल्या एका रविवारी बेळगुंदीच्या पुढच्या उतारावर मी पाय लांब टाकला, टाच जांभ्यावर पडली आणि घसरले. घोटा मुरगळला. तीन आठवडे धावणं बंद. त्या तीन आठवड्यांत रोज एका पायावर उभं राहायचा सराव केला. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. डोळे मिटल्यावर सुरुवातीला सहा सेकंदही टिकत नव्हते, शेवटी चाळीसपर्यंत गेले. घोटा त्यानं आधीपेक्षा घट्ट झाला, असं मला खात्रीनं वाटतं. उतारावरची चूकही नंतर नीट समजली. लांब पावलात टाच शरीराच्या पुढे पडते, सगळं वजन मागे राहतं आणि पाय पुढे निसटतो. पावलं बारीक आणि भराभर टाकली, की पाऊल कमरेखालीच पडतं. वेग तोच राहतो, घसरणं मात्र कमी होतं.

श्रावणात राकसकोपचा रस्ता धरला. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी, पुढे जलाशय. या सगळ्यांत माझा सर्वांत लाडका रस्ता हाच. चढउतार आहेत, पण कोणताही जीव काढणारा नाही. काजूच्या बागा आहेत, भाताच्या रोपांचा वास आहे आणि धुकं असलं, की पुढचं वळण फक्त आवाजावरून कळतं. त्या दिवसांत शहरात सगळ्यांच्या तोंडी राकसकोपच्या पातळीचा आकडा असतो, 2475 फूट झाली का नाही. मार्कंडेय नदीचं ते पाणी आपल्या नळाला येतं, म्हणून तिथं धावत पोचल्यावर भरलेला जलाशय बघताना घरचंच काही बघितल्यासारखं वाटतं. इथं मी घड्याळातला वेग बघणं सोडलं. नियम एकच, जाऊबाईंशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं, की वेग कमी करायचा. दोन महिने हेच केलं. त्याच रस्त्याला, त्याच श्रमात, श्रावणाच्या सुरुवातीला किलोमीटरला आठ मिनिटं दहा सेकंद लागत होते. घटस्थापनेपर्यंत सात पस्तीस झाले.

खाण्याची एक गोष्ट सांगायची राहिली. लांब धावायच्या आदल्या रात्री भात, सकाळी निघताना वाटीभर नाचणीची आंबील, ताक आणि मीठ घालून. वाटेत खायला उकडलेली रताळी. विकतच्या जेलच्या पाकिटांनी माझं पोट बिघडायचं, रताळ्यानं कधीच नाही. आणि आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या पुढं मागं रताळ्यांचा तर पूर येतो.

आता वैजनाथ. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला पोचायचं. शिनोळीला पाट्यांवरची लिपी बदलते आणि आपण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात असतो. माणसं, बोली, शेतं मात्र बदलत नाहीत. आम्ही शिनोळीपर्यंत गाडीनं जातो, कारण या रस्त्यावर मोठ्या गाड्या फार आणि कडेला जागा कमी. तिथून देवरवाडीपर्यंत हळूहळू धावत अंग तापवायचं आणि मग चढ.

पहिल्यांदा ऑगस्टच्या शेवटी चढले तेव्हा पाच वेळा थांबले. देवळापाशी पोचायला एकतीस मिनिटं, नाडी 176. जाऊबाई पहिल्या वळणाला म्हणाल्या, "ताई, मी पुढं जातो. तू चालत ये, खरं थांबू नको." याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. थांबलं, की पाय गार पडतात आणि पुन्हा सुरू करताना पहिली वीस पावलं फार महाग जातात. नाडी 165 च्या वर गेली, की हात मांडीवर ठेवून जोरात चालायचं, खाली आली, की बारीक पावलांनी धावायचं. सप्टेंबरात तीनदा, ऑक्टोबरात चारदा गेलो. कार्तिकातल्या एका थंड सकाळी चालायची वेळच आली नाही. पंचवीस मिनिटं चाळीस सेकंद, नाडी 163. देवळाच्या जुन्या दगडी भिंतीला हात लावला आणि मला रडू आलं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पाण्याची बाटली पुढे केली. महिपाळगडापर्यंतचा वरचा टप्पा त्या दिवशी आम्ही चालतच गेलो.

समुद्र या योजनेत नव्हताच. मार्गशीर्षात जाऊबाईंच्या मावशीकडे शिरोड्याला जाणं झालं, आंबोलीचा घाट उतरून. मावशींचे यजमान रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य काढलेले. वेळागरच्या किनाऱ्यावर धावायचंय म्हटल्यावर त्यांनी आधी तिथी विचारली. म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची येळ गावतली." पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे पाऊण सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकराच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सव्वापाचला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे ओहोटीही खोल जाते आणि ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा रुंद मिळतो. अष्टमीला हेच गणित सकाळी सहाला भरती देतं. तेव्हा धावायला उरते ती वरची सुकी, भुसभुशीत वाळू.

सहाला निघालो. सुरूच्या बनात अंधार, समोर पाण्यावर मावळतीला आलेला पूर्ण चंद्र. आरवलीच्या बाजूला जाताना समुद्र डावीकडे, म्हणजे किनाऱ्याच्या उतारामुळे डावा पाय सतत खाली पडतो आणि कंबर त्या बाजूला झुकते. म्हणून जितकं जाल तितकंच परत या, एकाच दिशेला लांब धावून गाडीनं परतू नका. आम्ही नऊ किलोमीटर केले. चप्पल न घालता फक्त शेवटचा एक, तोही चालत. पहिल्याच दिवशी अनवाणी धावलात, तर पोटऱ्या आठवडाभर सुटणार नाहीत.

नंतर आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याला मोठमोठी चामडी पायताणं वाहतात. ती ओळीनं मांडलेली बघताना माझं लक्ष त्यांच्या तळव्यांकडेच गेलं.

माझ्या बुटांचे तळवे 640 किलोमीटरला टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलेत, उजवा जास्त. नवीन जोड घेतलाय, खोल खाचांचा. जानेवारीपासून जांबोटीकडे जायचा विचार आहे, पण तिकडे गवे आणि अस्वलं आहेत, भीमगड अभयारण्य लागूनच आहे. त्यामुळे उजाडल्यावर, डांबर न सोडता आणि चौघींपेक्षा कमी असू तर नाहीच. दोघी आहोत, आणखी दोघी हव्यात.