भाषणामागे झाकला गेलेला नियामक

न्यूटन मिनो यांचे नाव निघाले की ९ मे १९६१ च्या त्यांच्या भाषणाची आठवण हमखास काढली जाते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकेतील रेडिओ-दूरचित्रवाणीचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या अध्यक्षपदी नेमलेल्या या पस्तीस वर्षांच्या वकिलाने वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या प्रसारण केंद्रांच्या मालकांना तोंडावर सांगितले की, तुमचे केंद्र सुरू होते तेव्हापासून बंद होईपर्यंत दूरचित्रवाणी संचासमोर बसून राहा, तुम्हाला केवळ अफाट उजाड माळरान दिसेल. दुसऱ्या दिवशी ते शब्द सर्वतोमुखी झाले. लोकांनी ‘जनहित’ हा शब्द लक्षात ठेवावा अशी आपली इच्छा होती, असे मिनो पुढे अनेकदा म्हणत; माझ्या मते त्यांची ही तक्रार रास्त होती, कारण त्यांचे टिकाऊ काम त्या गाजलेल्या वाक्याबाहेरच झाले.

मुळात या पदाचे हात कायद्यानेच बांधलेले आहेत. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनुसार कमिशनला कार्यक्रमांवर सेन्सॉरशिप लादता येत नाही; मात्र हवेतील कंप्रतेचा परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना ते केंद्र जनहिताला उपयोगी आहे की नाही, हे पाहता येते. तेव्हा परवान्याची मुदत तीन वर्षांची होती. परवाना कायमचा नसतो आणि पवित्रही नसतो, असे मिनो यांनी त्याच भाषणात बजावले होते. मालक खरोखर हादरले असतील तर ते या इशाऱ्याने, माळरानाच्या उपमेने नव्हे.

तरीही धाकाने कार्यक्रम सुधारतील, यावर मिनो विसंबले नाहीत. त्या काळी बहुतेक संचांवर २ ते १३ या क्रमांकांच्या व्हीएचएफ (अतिउच्च कंप्रतेच्या) वाहिन्याच दिसत. १४ ते ८३ या यूएचएफ (त्याहून वरच्या कंप्रतेच्या) वाहिन्यांसाठी जागा राखलेली असूनही संचात त्या पकडणारा ट्यूनर नसे. म्हणून प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिरातदार नाहीत, आणि अखेर केंद्र बंद, असे ते दुष्टचक्र होते. शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या वाहिन्यांपैकी मोठा भाग याच पट्ट्यात अडकला होता. काही शहरांतील केंद्रे पूर्णपणे यूएचएफवर हलवण्याचा प्रस्ताव कमिशनने पुढे केला, त्याला मालकांचा कडाडून विरोध झाला, आणि तो स्थगित ठेवण्याच्या बदल्यात प्रत्येक नव्या संचात सर्व वाहिन्या पकडण्याची सोय सक्तीची करणारा कायदा मार्गी लागला. १० जुलै १९६२ रोजी त्यावर सही झाली आणि १९६४ पासून तो संचांना लागू झाला. भाषणात खपून जाईल असे या तडजोडीत एकही वाक्य नाही. नियामकाची खरी कारागिरी मात्र मला इथेच दिसते. काय दाखवावे हे ठरवण्याचा अधिकार नाही, तर आणखी कोणाला दाखवता येईल, याची वाट मोकळी करायची.

ज्या दिवशी त्या कायद्यावर सही झाली, त्याच दिवशी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अवकाशात झेपावला. माणसाला अंतराळात पाठवण्यापेक्षा दळणवळण उपग्रह महत्त्वाचे, कारण ते कल्पना वाहून नेतात आणि कल्पना माणसापेक्षा जास्त टिकतात, असे मिनो यांनी केनेडींना सांगितले होते. दळणवळण उपग्रहांचा कायदाही त्याच वर्षी झाला. (दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर सैनिक असताना, भारत आणि चीन जोडणारी टेलिफोनची तार टाकणाऱ्या सिग्नल तुकडीत ते होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.)

१९६३ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन वर्षांनी, त्यांनी पद सोडले. पुढे वकिली, सार्वजनिक प्रसारणाच्या पीबीएस या संस्थेचे अध्यक्षपद, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभांची उभारणी, २०१६ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. २०२३ मध्ये ९७ व्या वर्षी ते गेले. भाषणाला तीस वर्षे झाली तेव्हा त्यांनी सांगितले होते की, दूरचित्रवाणीचा आपल्या मुलांना फारसा फायदा होणार नाही याची काळजी १९६१ मध्ये वाटत होती, आता नातवंडांचे तिच्यामुळे नुकसान होईल याची वाटते.

त्याआधी वर्षभर, १९९० मध्ये, मुलांच्या शैक्षणिक गरजांकडे केंद्राने किती लक्ष दिले हे परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासण्याचे बंधन कायद्याने कमिशनवर घातले होते. मिनो यांनी १९६१ मध्ये ज्या नूतनीकरणाचा धाक घातला होता, त्याला निदान मुलांपुरते कलम मिळाले. परवान्याची मुदत मात्र तोवर तीनाची पाच वर्षे झाली होती, आणि १९९६ मध्ये ती आठ वर्षांवर गेली.