तुम्ही विचारलंत म्हणून: डेस्कटॉप आता कशाला?

"सगळं फोनवर होतं, मग हा खोका कशाला?" हा प्रश्न इतक्या वेळा आला आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर इतकं तोकडं पडलं, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

आकडे मला माहीत आहेत. वेबवापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या कंपनीच्या मोजणीत ऑक्टोबर २०१६ मध्येच मोबाईल आणि टॅब्लेटवरचा वेबवापर डेस्कटॉपच्या पुढे गेला, ५१.३ विरुद्ध ४८.७ टक्के. त्या ४८.७ मध्ये लॅपटॉपही धरलेले होते. म्हणजे टेबलावरच्या खोक्याचा वाटा आणखी कमी. मान्य.

पूर्वी मी ताकदीचं उत्तर द्यायचो. फोनला पंखा नसतो, त्यामुळे त्याची चिप फार वेळ चार-पाच वॅटच्या वर राहू शकत नाही. लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा: सुरुवातीला वेग झकास, मग फोन तापतो आणि चिप आपला वेग उतरवते. डेस्कटॉपचा इंटेल कोअर आय९-१४९००के प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत जातो, आणि चांगला कूलर असेल तर तासन् तास काम ओढतो. हे आजही खरं आहे. पण पत्र, हिशेब, व्हिडिओ कॉल यांना एवढी ताकद लागते कुठे? आणि २०१७ पासून सॅमसंगचे काही फोन 'डेक्स' या सोयीतून मॉनिटरला जोडता येतात, कीबोर्ड-माऊससकट. तेव्हाचा माझा युक्तिवाद मला आज पुरेसा वाटत नाही.

खरं कारण वेगळं आहे: या खोक्याचे भाग सुटे होतात. हे कौतुकाने सांगतो आहे असं समजू नका. याच गुणाने घात केलेला मी पाहिला आहे.

एका मशीनचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला. मॉड्युलर होता, म्हणजे केबल दोन्ही टोकांनी सुटणारा. नवाही मॉड्युलरच आणला. मदरबोर्डची २४ पिनची आणि प्रोसेसरची केबल बदलली. सॅटा ड्राइव्हना (केबलने जोडलेल्या हार्ड डिस्क आणि एसएसडींना) वीज देणारी जुनी केबल मात्र कॅबिनेटच्या मागून नीट बांधलेली होती आणि तिचं टोक नव्या एसएमपीएसमध्ये अगदी चपखल बसलं, म्हणून तीच राहू दिली. केबलचं ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनवर किती व्होल्ट, याला मात्र प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. इथे ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट शिरले.

बटण दाबलं की पंखा जरासा हलायचा आणि थांबायचा. सगळे म्हणाले, नवा एसएमपीएसच खराब. तो खराब नव्हता, शॉर्ट दिसल्यावर स्वतःला बंद करत होता. सॅटाची केबल काढली आणि मशीन सुरू झालं. हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डावर वीज शिरते तिथे टीव्हीएस डायोड असतात, ५ व्होल्टसाठी एक आणि १२ साठी एक. व्होल्टेज हाताबाहेर गेलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागचा बोर्ड वाचवतात. मल्टिमीटरवर ५ व्होल्टचा डायोड दोन्ही दिशांनी शून्याजवळ आला. तो काढला, योग्य केबल लावली, डिस्क फिरली. लगेच सगळा डेटा दुसरीकडे उतरवला आणि डिस्क वापरातून काढली, कारण त्या तारेवर तिला आता संरक्षण उरलं नव्हतं. सॅटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) गेली ती गेलीच. थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या एम.२ एसएसडीला धक्का लागला नाही, तिला ३.३ व्होल्ट मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात, त्या केबलशी तिचा संबंधच नव्हता.

म्हणून हात जोडून सांगतो: एसएमपीएस बदलाल तेव्हा जुनी एकही केबल ठेवू नका, कितीही चपखल बसली तरी.

आता हेच फोनच्या बाबतीत पाहा. तिथे चूक करायला जागाच नाही, पण वाचवायलाही नाही. स्टोरेजची चिप बोर्डावर सोल्डर केलेली, डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारा, आणि ती किल्ली मुख्य प्रोसेसरला बांधलेली. चिप उचलून दुसऱ्या बोर्डावर लावली तरी हाती निरर्थक बिट्सच येतात. डेटा हवा तर तोच बोर्ड, त्याच प्रोसेसरसह, निदान एकदा तरी जिवंत करावा लागतो. डेस्कटॉपमध्ये मदरबोर्ड मेला तरी एक बारीक स्क्रू काढायचा, एम.२ एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालायची, आणि फाइल्स समोर.

इथे मला स्वतःलाच अडवायला हवं. हे पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू होतं. तीच एसएसडी दुसऱ्या मशीनला जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच तिथे जाऊन पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. चोरीच्या भीतीपुढे हे एन्क्रिप्शन मला योग्यच वाटतं, पण माझा जुना मुद्दा त्याने दुबळा होतो, हे नाकारत नाही.

त्यात रॅमही आता सोल्डर होऊ लागली आहे, आणि तेही निव्वळ हट्टापायी नाही. सहज दुरुस्त होणाऱ्या लॅपटॉपसाठी नावाजलेल्या फ्रेमवर्क या कंपनीने २०२५ मध्ये डेस्कटॉप जाहीर केला, त्यात रॅम बदलता येत नाही. २५६ बिटच्या बसवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या डेटाच्या रुंद वाटेवर) ती सेकंदाला २५६ जीबी वेगाने चालते. स्लॉटमधल्या रॅमच्या दोन डीडीआर५-६००० पट्ट्या ९६ जीबीपर्यंत जातात. एवढ्या वेगाला स्लॉटमधून सिग्नल स्वच्छ पोचवणं अवघड जातं.

असं मशीन घ्यावं का, हेही तुम्ही विचारता. दहा वर्षं वापरायचं म्हणणाऱ्याला मी नको म्हटलं आहे. घरीच मोठं भाषा-मॉडेल (चॅटबॉटमागचं एआय), ज्याला भरपूर आणि वेगवान रॅम लागते, चालवायचं आहे म्हणणाऱ्याला घ्या म्हटलं आहे, १२८ जीबी रॅमवालं. दोन्ही वेळा मनापासून.