पुखेराइटच्या शोधात: १४ नंबरच्या डबीचं काय झालं

मी खनिजं गोळा करते, आणि मागच्या नोंदीतला शेवटचा फोटो माझ्या संग्रहातल्या १४ नंबरच्या डबीचा होता. पांढुरक्या गारगोटीच्या खाचेत तांबूस-तपकिरी, लखलखीत गोळे, एकेक खसखशीएवढा. सोबतच्या चिठ्ठीवर जुन्या जर्मन वळणात ‘पुखेराइट, श्नेबेर्ग’. पुखेराइट म्हणजे बिस्मथ आणि व्हॅनेडियम या दोन धातूंचं खनिज. किती पैसे मोजले ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरात तर नाहीच. दोघा-तिघांनी तेव्हाच विचारलं होतं, खात्री केलीस का म्हणून. आता केली. तो पुखेराइट नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. श्नेबेर्ग हे सॅक्सनीतलं खाणींचं जुनं गाव, मी राहते त्या केम्निट्झपासून तासाभरावर. पंधराव्या शतकात चांदीमुळे वसलं, पुढे निळ्या रंगासाठी लागणाऱ्या कोबाल्टवर जगलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कंपनीने तिथून युरेनियम काढलं. त्या कंपनीचं नाव ‘विस्मुट’, म्हणजे बिस्मथ! खरं काम झाकायला ठेवलेलं नाव, पण आमच्यासारख्यांना ते आवडतं. इथल्या उष्णजलीय शिरांत (खडकातल्या भेगांत गरम पाण्याने साठवलेल्या खनिजांच्या पट्ट्यांत) बिस्मथ, कोबाल्ट, निकेल, चांदी आणि युरेनियम एकत्र नांदतात. शुद्ध बिस्मथ पिसांसारख्या फांद्यांनी वाढलेला असतो आणि त्यावर स्कुटरुडाइटसारख्या आर्सेनाइडांचं, म्हणजे धातू आणि आर्सेनिकच्या खनिजांचं, कवच चढलेलं असतं. जुने खाणकामगार बिस्मथला ‘चांदीचं छप्पर’ म्हणत. तो लागला की खाली चांदी असणार, असा समज. (ऑनलाइन मिळतात ते इंद्रधनुषी जिन्यांसारखे स्फटिक भट्टीतले असतात. खाणीतला बिस्मथ रुपेरी, किंचित गुलाबी झाक असलेला. हे मी दर वेळी लिहिणार, कंटाळा आला तरी.)

माझा जीव मात्र त्या धातूत नाही, तो कुजल्यावर जे तयार होतं त्यात आहे. शिरेत वरून पाणी आणि हवा शिरली की युरेनियम, तांबं लांबवर फिरायला निघतात. बिस्मथ पक्का घरकोंबडा. पाण्यात जेमतेम विरघळतो आणि मूळ दाण्यापासून बोटभर अंतरावरच जो भेटेल त्याच्याशी घर मांडतो. आर्सेनेट (आर्सेनिक आणि ऑक्सिजन) भेटलं तर अटेलेस्टाइट, कार्बोनेट भेटलं तर बिस्मुटाइट, सिलिका भेटली तर यूलिटीन, व्हॅनडेट (व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन) भेटलं तर पुखेराइट. म्हणून श्नेबेर्गचा एखादा दगड भिंगाखाली धरला की दोन सेंटिमीटरच्या परिघात अख्खी वस्ती दिसते. खनिजतज्ज्ञ ऑगस्ट फ्रेंझेलने १८७१ मध्ये पुखेराइटचं वर्णन केलं ते इथल्याच पुखर शाफ्टवरच्या (खाणीच्या उभ्या विहिरीतल्या) नमुन्यांवरून, नावही त्यावरूनच. त्याच वर्षी अल्बिन वाइसबाखने इथल्याच ‘व्हायसर हिर्श’ खाणीतून वाल्पुर्गाइट हे युरेनियम असलेलं खनिज जगापुढे आणलं. व्हायसर हिर्श म्हणजे पांढरं हरीण. खाणींना अशी नावं ठेवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

तर १४ नंबर. शंका मला आलीच नव्हती, ती आली खनिजसंग्राहकांच्या क्लबातल्या आजोबांना. निवृत्त माणूस, बोलणं मोजकं. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “कडा कुठे आहेत?” बस, एवढंच. पुखेराइट चपट्या, धारदार कडांचा असतो. माझे गोळे मात्र सगळीकडून फुगलेले, मोदक हातात फार वेळ धरला तर कळ्या पुसट होतात तसे. लकाकीवर भाळून मी आकाराकडे बघितलंच नव्हतं.

घरी येऊन एक गोळा फोडायचं ठरवलं, पण हात धजेना. शेवटी खाचेत पडलेला एक तुटका तुकडा सुईच्या टोकाने उचलला, काचेवर चुरडला आणि एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइड पट्ट्यांमध्ये धरला. काच फिरवली. अंधार. आणखी फिरवली. अंधारच. पुखेराइट असता तर कणांनी फिरता फिरता उजळून रंग दाखवले असते, कारण तो ऑर्थोऱ्हॉम्बिक, म्हणजे त्याची रचना तिन्ही दिशांना वेगवेगळी. इथे कण कुठल्याही कोनात काळेच, म्हणजे घनाकृती प्रणाली, तिन्ही दिशांना सारखी. बिस्मथच्या या वस्तीत घनाकृती, तपकिरी आणि हिऱ्यासारखा चमकणारा म्हटलं की एकच नाव पुढे येतं.

ओळखीतल्या एका मुलीने तिच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर ईडीएस करून दिलं, म्हणजे नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखायची चाचणी. यंत्राने पहिल्याच फटक्यात ‘गंधक, मॉलिब्डेनम’ असं ठोकून दिलं. हा जुना घोळ आहे, तुमच्याही वाट्याला येईल. गंधकाची क्ष-किरण रेषा २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, मॉलिब्डेनमची २.२९ ला, बिस्मथची २.४२ ला. शिखरं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि सॉफ्टवेअर मनाला येईल ते नाव चिकटवतं. वर १०.८ च्या आसपास बघायचं. तिथे बिस्मथची दुसरी रेषा असते आणि तिच्यावर गंधकाला हक्क सांगता येत नाही. तसं बघितलं आणि चित्र स्वच्छ झालं: बिस्मथ, सिलिकॉन, ऑक्सिजन. व्हॅनेडियम औषधालाही नाही. सिलिकॉन खालच्या गारगोटीतून येत असेल ही शंका उरू नये म्हणून कण आधीच कार्बन टेपवर वेगळा चिकटवला होता.

यूलिटीन! खनिजतज्ज्ञ ब्राइटहाउप्टने १८२७ मध्ये नाव दिलेला बिस्मथचा सिलिकेट.

दोन दिवस तोंड पाडून बसले होते, मग हळूहळू उजाडलं. यूलिटीनच्या रचनेत सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम बसवलं की बीजीओ होतो, दवाखान्यातल्या पीईटी (PET) स्कॅनरमध्ये गॅमा किरण टिपणारा स्फटिक. सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एल-३ प्रयोगात असे सुमारे ११ हजार स्फटिक लावले होते. आणि जर्मेनियम सापडलं कुठे? इथेच, फ्रायबेर्गला. आर्गिरोडाइट नावाच्या खनिजात क्लेमेन्स विंकलरने १८८६ मध्ये शोधलं. त्या खनिजाचं वर्णन करणारा कोण, तर पुन्हा आपला वाइसबाख. रचना श्नेबेर्गची, मूलद्रव्य फ्रायबेर्गचं, दोन्ही एकाच डोंगररांगेतली. चिठ्ठी बदलली. जुनी फेकली नाही, डबीच्या तळाशी घडी करून ठेवली. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी फेकायची नाही.

नुकसानीचा हिशेबही देऊन टाकते. मिक्साइट या तांबं-बिस्मथच्या खनिजाचा तो हिरवा झुपका, ज्याचा फोटो सगळ्यांना आवडला होता, तो गेला. धूळ निघावी म्हणून अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये टाकला. दोन मिनिटांत टक्कल. केसासारख्या सुया आहेत हे मलाच ठाऊक असून. यापुढे फुंकणीची हवा आणि तीही लांबून.

आता २२ नंबर. ‘बिस्मथ ऑकर’ म्हणून चिल्लर भावात घेतलेला, पिवळट मातकट साल चढलेला गोटा. कोपऱ्यातला चिमूटभर चुरा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबात टाकला. बुडबुडे आले, म्हणजे कार्बोनेट, बहुधा बिस्मुटाइट. मग त्यात ड्रॉपरभर पाणी सोडलं आणि नितळ थेंब एकदम दुधाळ झाला. तो बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, नेलपॉलिशला मोतिया झाक आणणारा. बिस्मथ ओळखायची याहून स्वस्त चाचणी मला माहीत नाही. मूळ नमुन्यावर थेंब टाकू नका, चुऱ्यावरच करा. हात धुवा. श्नेबेर्गच्या मालात आर्सेनिक असतं, कधी युरेनियमही. माझं वाल्पुर्गाइट म्हणूनच बंद डबीत, झोपायच्या खोलीपासून दूर.

साल बघता बघता खालच्या भेगेत काहीतरी चमकलं. चाळीस पटीत बघितलं तर लालसर तपकिरी, चपटी, धारदार कडांची चार-पाच पानं. सगळ्यात मोठं जेमतेम पाव मिलिमीटर. ईडीएसमध्ये बिस्मथ आणि ४.९५ ला व्हॅनेडियमचं उभं शिखर. व्हॅनेडियमशी माझी ओळख वाघोलीच्या कॅव्हन्साइट या निळ्या खनिजापासूनची. तिथे तो चार संयुजेचा, म्हणून ते निळं वेड. इथे पाच संयुजेचा, आणि निळ्याचा मागमूस नाही.

पण लगेच पेढे वाटू नका. बिस्मथ व्हॅनडेट निसर्गात तीन रूपांत येतो: पुखेराइट, क्लिनोबिसव्हॅनाइट आणि ड्रेयेराइट. सूत्र तिघांचं एकच. ईडीएस मूलद्रव्यं मोजतं, त्यांची मांडणी त्याला दिसत नाही. शूमाखेराइटही याच दोन धातूंचा, फक्त प्रमाण वेगळं, आणि खडबडीत पृष्ठभागावर प्रमाणावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. रंग आणि कडा पुखेराइटकडे बोट दाखवतात. पण कडांवरून निकाल आजोबांनी द्यावा, मी नाही.

मांडणी ओळखणाऱ्या रामन चाचणीसाठी (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून करतात ती) पुढच्या महिन्यात वेळ मिळाली आहे. तोवर २२ नंबरच्या चिठ्ठीवर पेन्सिलने ‘पुखेराइट?’ लिहून ठेवलंय. आजोबांना दाखवला. त्यांनी या वेळी जास्तच वेळ बघितलं, भिंग खिशात टाकलं आणि म्हणाले, “पेन्सिल ठीक आहे.”