आजीची औटकी

रविवारी दुपारी वरणभात जेवून जरा डावी कूस धरावी, तर घरातलं कुणीतरी दारातून विचारणारच, "झोप लागली का?" याला होकार द्यायचा तरी कसा?

परवा या प्रश्नामुळे झोप उडाली आणि पडल्या पडल्या ओटो लोवी आठवला. ऑस्ट्रियातल्या ग्राझचा हा शास्त्रज्ञ. त्याला स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्याने तो चिठोऱ्यावर खरडला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेच पुन्हा सुचलं. या वेळी गडी उठून थेट प्रयोगशाळेत. एका बेडकाच्या हृदयाची गती मंदावली, त्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. पाण्यात उतरलेलं, मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. 1936 साली नोबेल मिळालं.

गंमत पुढेच आहे. दिवसा नवं शिकायला हे रसायन लागतं, आणि गाढ झोपेत त्याची पातळी एकदम खाली येते. तेव्हा मेंदूत सेकंदाला एक किंवा त्याहून संथ अशा लाटा उठतात, आणि हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी धरणारा मेंदूचा भाग, दिवसभरातल्याची भराभर उजळणी करत राहतो. नवं येणं थांबलं की जुनं लावून ठेवायला सवड. 2004 साली गाइस आणि बॉर्न या संशोधकांनी झोपलेल्या माणसांत औषधाने हे रसायन चढतं ठेवलं, तर पाठ केलेल्या शब्दजोड्यांना झोपेचा फायदाच मिळाला नाही. हाताने शिकलेल्या कामाला मात्र धक्का लागला नाही. (स्वप्नांच्या झोपेत ते पुन्हा चढतं. म्हणजे लोवीकडे ते स्वतःहूनच चालत आलं म्हणायचं.)

आमची आजी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ करून घ्यायची. "तीनदा म्हण आणि गप झोप. सकाळी आपसूक येईल." यायचीही, साडेसतरापर्यंत. पुढे मी गुणगुणत राहायचो आणि ती दिवा मालवायची. तिला माझ्या औटकीपेक्षा विजेच्या बिलाची काळजी जास्त, असा माझा पक्का समज होता.

शेवटी शेवटी आजी मला काकाच्या नावाने हाक मारायची. तिच्या मेंदूत हे रसायन दिवसाही पुरत नव्हतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी ते टिकवून धरणारी होती, आणि ती झोपताना घ्यायची असायची. पाण्याचा पेला घेऊन मीच जायचो. मग रात्री आठवणी लावून ठेवण्याचं तिचं काय होत असेल, हे कुणाला विचारायचं तेव्हा सुचलंच नाही.